जे गवई होणार नाहीत, त्यांच्यासाठी

हुबळीहून धारवाडकडे निघालं की जुन्या पुणे-बंगळूर रस्त्यावर विद्यानगर लागतं. सारं गाव ज्याला ‘किम्स’ म्हणतं ते भलंमोठं सरकारी इस्पितळ आणि वैद्यकीय महाविद्यालय इथलंच. जाबीन सायन्स कॉलेज इथलंच, आणि १९४७ साली सुरू झालेलं भूमरड्डी इंजिनिअरिंग कॉलेजही. त्याचं आता केएलई तंत्रज्ञान विद्यापीठ झालं आहे. उरलेल्या जागेत नीट-जेईईच्या शिकवण्यांचे फलक, त्यांवर टॉपर मुलांचे फोटो, खानावळी, झेरॉक्सची दुकानं. मधल्या राखीव मार्गिकेतून ‘चिगरी’ बस या गर्दीला वळसा न घालता सरळ निघून जाते.

हाच रस्ता धरून थोडं पुढे गेलं की उणकलचं तळं येतं. या उणकलमध्ये डॉ. गंगूबाई हनगल गुरुकुल आहे. २००९च्या जुलैमध्ये गंगूबाई गेल्या आणि २०११ साली कर्नाटक सरकारच्या पैशावर हे निवासी गुरुकुल सुरू झालं. मोजके गुरू, मोजके शिष्य, राहणं-जेवण तिथेच, आणि दिवसाचा मोठा भाग तालमीत नि रियाजात. डॉक्टर आणि इंजिनिअर घडवणाऱ्या वस्तीच्या शेजारी सरकारने गवई घडवायची सोय केली, हे या गावालाच शोभतं. सवाई गंधर्व, मल्लिकार्जुन मन्सूर, गंगूबाई, बसवराज राजगुरू, भीमसेन जोशी आणि बेळगावजवळच्या सुळेभावीचे कुमार गंधर्व हे सगळे इथून शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या आत जन्मले.

या थोरांविषयी मराठीत भरपूर लिहून झालं आहे. गुरुकुलातली मुलंही गवई व्हायचं ठरवूनच आलेली असतात. विद्यानगरच्या शाळा-कॉलेजांतली बहुतेक मुलं मात्र गवई होणार नाहीत. त्यांतली काही लहानपणी दोन-तीन वर्षं कुणाकडे तरी गाणं नाहीतर तबला शिकतात, ‘प्रवेशिका’पर्यंत परीक्षा देतात, आणि दहावीच्या वर्षी पेटीवर खोळ चढते. त्या दोन-तीन वर्षांतून त्यांच्या शरीरात, मनात आणि चारचौघांत वागण्यात काय उरतं, याचा शोध घ्यायला हुबळी-धारवाडइतकी चांगली जागा दुसरी नाही. कारण इथे संगीत शिकवण्याचे इतके वेगवेगळे प्रकार होऊन गेले आहेत की काय दिलं म्हणजे काय मिळतं, हे पडताळून पाहता येतं.

हुशारीचं आमिष

आधी एक गैरसमज बाजूला करू. मुलाला गाण्याला घालताना पालकांच्या मनात हल्ली एक हिशेब असतो: संगीताने बुद्धी वाढते, गणित सुधारतं. या समजुतीचा उगम बऱ्याच अंशी १९९३ सालचा आहे. ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात फ्रान्सेस राउशर आणि सहकाऱ्यांचं एक छोटंसं टिपण आलं. ३६ कॉलेजकुमारांना दहा मिनिटं मोझार्टचा एक सोनाटा ऐकवला, मग घडी घातलेला कागद कापून उलगडल्यावर कसा दिसेल अशा धर्तीचे प्रश्न दिले. गुण थोडे वाढले आणि तो परिणाम दहा-पंधरा मिनिटांत ओसरला. प्रयोगात एकही लहान मूल नव्हतं, कुणी काही वाजवायला शिकलं नव्हतं. तरीही ‘मोझार्ट इफेक्ट’ जगभर गाजला. १९९८मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बाळाच्या घरी अभिजात संगीताची ध्वनिमुद्रिका पोचवण्यासाठी १ लाख ५ हजार डॉलरची तरतूद मागितली.

खरोखर शिकणाऱ्या मुलांवरचा प्रयोग २००४ साली ग्लेन शेलेनबर्ग यांनी कॅनडात प्रसिद्ध केला. सहा वर्षांची १४४ मुलं चार गटांत वाटली. एका गटाला कीबोर्ड, दुसऱ्याला गाणं, तिसऱ्याला नाटक, चौथ्याला त्या वर्षी काहीच नाही. वर्षअखेर बुद्ध्यंक चारही गटांचा वाढला, कारण शाळेत गेलं की तो वाढतोच. संगीताच्या दोन गटांचा जरा अधिक वाढला, पण तो ‘जरा’च. लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट वेगळी होती. दुसऱ्यांशी जुळवून घेण्याचं वागणं सुधारलं ते नाटकाच्या गटात. संगीतवाल्या मुलांत तसा फरक दिसला नाही.

संगीतप्रेमींनी हा निष्कर्ष गिळून टाकू नये, चघळावा. नाटकात मुलं एकमेकांकडे बघतात, दुसऱ्याचं वाक्य झेलतात, वाट पाहतात. संगीताच्या तासात हे होतंच असं नाही. म्हणजे ‘संगीत’ असा शिक्का मारला की आपोआप सारे गुण येत नाहीत. तासात मुलाला प्रत्यक्ष काय करायला लागतं, त्यावर त्याच्यात काय मुरणार हे ठरतं. हाच धागा धरून कुंदगोळला जाऊ.

कुंदगोळची गाडी

कुंदगोळ हुबळीपासून वीसेक किलोमीटरवर. रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजे सवाई गंधर्व, मराठी रंगभूमीवर स्त्री-भूमिका गाजवून आणि अब्दुल करीम खाँसाहेबांची किराणा घराण्याची तालीम घेऊन अखेर आपल्या गावी परतले. तेव्हा हुबळीत राहणाऱ्या गंगूबाई त्यांच्याकडे शिकायला आगगाडीने जात. संध्याकाळी जायचं, तालीम घ्यायची, रात्रीच्या गाडीने परत. तालमीत एकच पलटा तासन् तास चाले. स्वर जपून, कंजुषाने पैसा खर्चावा तसे खर्चायला गुरुजींनी शिकवलं, असं त्या पुढे सांगत.

एकच पलटा तासभर घोटताना शरीरात काय चालतं? बोलताना आपण श्वास कसाही घेतो, वाक्य तुटलं तर तुटलं. गाताना श्वास पटकन, आवाज न करता घ्यावा लागतो आणि सोडताना तो लांबवावा लागतो, तोही समान जोराने. खांदे उचलून घेतलेला श्वास पुरत नाही हे मुलाला दोन आकारांतच कळतं. मग बरगड्या आणि पोट कामाला लागतात. पाठ वाकवून बसलं तर पोटाला जागा उरत नाही, म्हणून ‘ताठ बस’ हे सांगणं इथे शिस्तीसाठी नसून स्वरासाठी असतं. सकाळी खर्ज लावायला सांगतात त्यामागे गळ्यावर ताण न देता खालच्या स्वरांत स्थिर राहण्याची सवय आहे. यातलं काहीही शिक्षकाला शरीरशास्त्र म्हणून शिकवावं लागत नाही. स्वर हलला की मुलालाच ऐकू येतं.

तालाचं आणखी वेगळं. तबल्यावर उजवा हात एक करतो, डावा दुसरं, आणि तोंडाने बोल चालू असतात. पेटीवर डाव्या हाताने भाता आणि उजव्याने पट्ट्या. हाताने त्रितालाची सोळा मात्रांची टाळी-खाली धरत वर गायचं, हे पहिल्यांदा करणाऱ्या मुलाची धांदल पाहण्यासारखी असते: गाणं नीट झालं की हात थांबतो, हात सावरला की शब्द पळतात. पुढे केव्हातरी दोन्ही एकत्र बसतं आणि मग ते सुटत नाही. मात्र बोटांच्या आधी पाय यायला हवेत. पाच-सहा वर्षांच्या मुलाला लय अंगभर येते, बोटांत नंतर उतरते. स्वित्झर्लंडच्या एमिल झाक-दालक्रोझ यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नेमक्या याच कल्पनेवर, चालून-उड्या मारून लय शिकवण्याची पद्धत उभी केली. आपल्याकडे ती लेझमीच्या रूपाने शाळेच्या पटांगणात होती. हुबळीच्या पंचक्रोशीत होळीला बैलगाडीच्या चाकाच्या धावेवर चामडं ताणून केलेली जग्गलगी गळ्यात घालून मुलं-माणसं रस्त्यावर येतात, त्यातही तीच आहे. शाळांनी लेझीम पी.टी.च्या खात्यात टाकली आणि संगीत गॅदरिंगच्या. दोन्ही एकाच तासात शिकवता येतात हे कुणाच्या ध्यानात राहिलं नाही.

शरीराची एक अडचण मात्र जवळजवळ प्रत्येक शिक्षकाच्या वाट्याला येते. बारा ते पंधरा या वयात मुलाचा आवाज फुटतो. स्वरयंत्र वाढतं, आवाज साधारण सप्तकभर खाली उतरतो आणि मधले काही महिने तो कुठे जाईल याचा नेम नसतो. त्या काळात जुन्याच पट्टीत गायला लावलं की गळा दुखतो, वर्गात हसं होतं आणि मुलगा गाणं सोडतो. पट्टी खाली आणावी, कमी गाऊन घ्यावं, तालाचं काम वाढवावं, इतकंच करायचं असतं. मुलींच्याही आवाजात फरक पडतो, पण त्याविषयी कुणी बोलत नाही.

गंगूबाईंचं उदाहरण इथे कामाला येतं. घशावरच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांचा कोवळा, उंच आवाज जाड आणि पुरुषी झाला. बाईच्या गळ्याविषयीच्या सगळ्या अपेक्षांच्या तो विरुद्ध होता. त्यांनी तो लपवला नाही, त्याला पेलेल अशी गायकी उभी केली, आणि त्याच आवाजावर २००२ साली पद्मविभूषणपर्यंत पोचल्या. कुमार गंधर्वांची गोष्टही याच जातीची. त्यांना क्षय झाला, १९४८च्या सुरुवातीला ते देवासला गेले आणि काही वर्षं गाणं बंद राहिलं. बरे झाले ते स्ट्रेप्टोमायसिनने. पण एक फुप्फुस कायमचं कमजोर झालं होतं. पुढे गाताना त्यांनी लांब दमसासाचा हट्ट धरला नाही. छोट्या, धारदार, अचानक झेपावणाऱ्या स्वरवाक्यांची गायकी त्यांनी घडवली. रोग बरा करणं संगीताचं काम नाही. आहे त्या शरीराशी जमवून घेऊन त्यातून पुरेपूर कसं काढावं, याचा अभ्यास मात्र त्यात आहे, आणि तेराव्या वर्षी आरशासमोर आपल्या शरीरावर रुसलेल्या मुलाला त्याची गरज कुठल्याही गवयाइतकीच असते.

चुकलेली सम पुन्हा येते

गदगचे गुरुराज जोशी शाळामास्तर होते. त्यांचा थोरला मुलगा रस्त्याने भजनी मंडळ किंवा बँड चालला की त्यामागे जाई आणि दमला की जिथे असेल तिथे झोपे. शोधाशोध करून कंटाळलेल्या वडिलांनी अखेर त्याच्या सदऱ्यावर ‘जोशी मास्तरांचा मुलगा’ असं लिहून ठेवलं, म्हणजे सापडेल तो आणून पोचवील. १९३३ साली, अकराव्या वर्षी, हा मुलगा गुरूच्या शोधात घरातून पळाला. ग्वाल्हेर, कलकत्ता, जालंधर करत परतला आणि १९३६च्या सुमारास सवाई गंधर्वांकडे कुंदगोळला राहिला. गुरूच्या घरी पाणी भरणं आणि पडतील ती कामं आधी, शिकवणं बरंच नंतर. शिकवलं तेही तोडी, मुलतानी, पूरिया या तीन रागांभोवती. तो मुलगा म्हणजे भीमसेन जोशी.

ही गोष्ट सांगितली की ‘पूर्वीची निष्ठा आता कुठे’ असा सूर लागतो. तो मला मान्य नाही. पाणी भरल्याने कुणी भीमसेन होत नाही, आणि गुरूच्या दहशतीखाली कोमेजलेल्या शिष्यांची चरित्रं कुणी लिहीत नाही. त्यातलं घेण्यासारखं वेगळं आहे. तीन रागांवर वर्षं काढणाऱ्या मुलाला रोज तेच करूनही आजचा दिवस कालच्यासारखा नव्हता, हे आतून कळायला लागतं. प्रगती दाखवायला तिथे गुणपत्रिका नसते. दुसऱ्या कुणी न सांगता स्वतःची सुधारणा स्वतःच्या कानाने ओळखणं, ही शाळेच्या इतर कुठल्याच विषयात सहजी न मिळणारी गोष्ट आहे.

दुसरी गोष्ट चुकीची. वहीत गणित चुकलं की लाल रेघ राहते, ती वही घरी जाते. गाण्यात चूक हवेत विरते. मुखडा उशिरा उचलला, सम हुकली, तर सोळा मात्रांनी ती पुन्हा येते. ठेका कुणासाठी थांबत नाही आणि कुणाला टाकूनही जात नाही. मूल एक आवर्तन गप्प राहून पुढच्याला पकडू शकतं. चार मित्रांसमोर हे रोज घडत असेल तर चुकण्याची लाज हळूहळू झडते. एक-एक गुणाने रँक खाली जाण्याच्या भीतीत जगणाऱ्या विद्यानगरच्या मुलांना या अनुभवाची किंमत वेगळी सांगायला नको.

अट एकच: तासाचं रूपांतर सतत स्पर्धेत होता कामा नये. इथेही आपल्याच भागातला दाखला आहे. सुळेभावीचा शिवपुत्र कोमकळीमठ हा मुलगा ध्वनिमुद्रिका ऐकून मोठमोठ्या गवयांची हुबेहूब नक्कल करी. सातव्या-आठव्या वर्षी ‘कुमार गंधर्व’ ही पदवी मिळाली, जलसे सुरू झाले, मुंबईने त्याला डोक्यावर घेतलं. १९३६च्या सुमारास त्याला प्रो. बी. आर. देवधरांच्या मुंबईतल्या संगीत विद्यालयात ठेवलं. तिथे निरनिराळ्या घराण्यांचे उस्ताद येत-जात, चर्चा झडत, आणि नकलेच्या पलीकडे स्वतः विचार करायला अवकाश होता. त्या वर्षांशिवाय नक्कल करणाऱ्या बालगायकाचं पुढे काय झालं असतं, याची कल्पना आज दूरचित्रवाणीवरच्या बालगायकांच्या स्पर्धा पाहताना करता येते. आठ वर्षांच्या मुलाला प्रेक्षकांच्या मतांवर तोलून त्याच्या रडण्याचा क्लोजअप घेतला जातो, तेव्हा तिथे संगीत-शिक्षण चालू नसतं.

परीक्षांविषयीही थोडं. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि गाणं गुरुगृहातून वर्गात आणलं. त्यांच्या परंपरेतल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांनी मध्यमवर्गीय घरांत, विशेषतः मुलींसाठी, संगीताला प्रतिष्ठेचं दार उघडलं. त्यांचं हे ऋण मोठं आहे. पण पाच राग पाठ करून घेणारा वर्ग आणि एक राग ऐकवणारा वर्ग यांत मुलाच्या मनाला दुसरा अधिक देतो. प्रमाणपत्रांची फाईल जाड करायची घाई झाली की पहिला जिंकतो.

एका सतरंजीवर

१९२४च्या बेळगाव काँग्रेसचे अध्यक्ष गांधीजी होते. तिथे स्वागतगीत म्हणणाऱ्या मुलींत अकरा वर्षांच्या गंगूबाई होत्या. गाण्याची धास्ती त्यांना नव्हती. जेवणं झाल्यावर आपल्या जातीमुळे आपल्यालाच उष्टी काढायला तर सांगणार नाहीत ना, ही होती. ही आठवण त्यांनी पुढे अनेकदा सांगितली. संगीत सगळे भेद मिटवतं असं भाषणात म्हणणाऱ्यांनी ती जवळ ठेवावी. भेद आपोआप मिटत नाहीत. मात्र संगीताच्या वर्गात ते बाजूला ठेवायला भाग पाडणारी काही कारणं असतात.

हुबळी-धारवाडचा इतिहास त्या कारणांनी भरलेला आहे. ब्राह्मण सवाई गंधर्वांचे गुरू अब्दुल करीम खाँ, आणि सवाई गंधर्वांच्या शिष्या गंगूबाई. लिंगायत मल्लिकार्जुन मन्सुरांची पहिली पक्की तालीम मिरजेच्या नीलकंठबुवा अलूरमठांची, नंतरची अल्लादिया खाँसाहेबांच्या मुलांची, मंजी खाँ आणि भुर्जी खाँ यांची. धारवाडात सतारीचं घराणं रुजवलं रहिमत खाँ यांनी, आणि ते नातू बाळे खाँ यांच्यापर्यंत वाढलं. कन्नड घरातलं मूल ब्रज भाषेतली बंदिश मराठी बोलणाऱ्या बुवांकडून शिकतं आणि तंबोरा मिरजेहून येतो, हे इथे कित्येक पिढ्या इतकं सरावाचं की त्यात कुणाला नवल वाटत नव्हतं. १ नोव्हेंबर १९५६ रोजी धारवाड जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, सीमावाद पेटला, भाषेच्या पाट्यांवरून डोकी फुटली. तालमीची खोली या भांडणापासून बरीचशी वाचली. तिथे बसणाऱ्यांना एकमेकांची गरज होती: तबलजीशिवाय गवई नाही, आणि मागे तंबोरा धरणाऱ्याशिवाय दोघेही नाहीत.

गरजेचा हाच धागा गदगच्या वीरेश्वर पुण्याश्रमात सगळ्यांत ठळक दिसतो. हुबळीहून गदग साठेक किलोमीटर. पंचाक्षरी गवई (१८९२–१९४४) जन्मांध. मठाच्या आधाराने गाणं शिकले आणि पुढे अंध, अनाथ, गरीब मुलांना घेऊन फिरतं गुरुकुल चालवू लागले. तेच गदगला स्थिरावलं. त्यांच्यामागे पुट्टराज गवईंनी (१९१४–२०१०) ते वाढवलं. तेही लहानपणीच दृष्टी गमावलेले. आश्रम चालवायला पैसा हवा म्हणून त्यांनी नाटक कंपनी काढली. इथल्या शेकडो मुलांपैकी बसवराज राजगुरूंसारखा एखादाच मोठा गवई होतो. बाकीचे गावोगाव कीर्तनात, नाटकात, भजनी मंडळात, शाळेत पेटी-तबला वाजवून पोट भरतात. ज्यांना समाजाने कोपऱ्यात बसवून जेवू घालायचं ठरवलं होतं, ते चारचौघांत मानाने बसू लागले. सामाजिक विकास या शब्दाला याहून ठोस अर्थ मला माहीत नाही.

गरज नसेल तर केवळ एकत्र बसणं पुरेसं नाही, हे प्रयोगांतूनही दिसतं. जर्मनीतल्या लाइपझिगला सेबास्टियन किर्शनर आणि मायकल टोमासेलो यांनी २०१०मध्ये चार वर्षांच्या ९६ मुलांच्या जोड्या केल्या. काही जोड्यांनी एक खेळ गाणं म्हणत, वाद्य वाजवत, ताल धरून खेळला. काहींनी तोच खेळ गाण्याशिवाय. नंतर एकाची फजिती होईल असा प्रसंग मुद्दाम घडवला, तेव्हा एकत्र गायलेली मुलं मदतीला अधिक धावली. स्वीडनमधल्या यॉटेबोरीला २०१३च्या एका अभ्यासात तरुणांना एकत्र गायला लावून त्यांच्या हृदयाचे ठोके मोजले. एकाच गाण्यात सगळे एकाच वेळी श्वास घेतात-सोडतात, म्हणून ठोक्यांची गतीही बरोबरीने चढू-उतरू लागली. आणि २०१५मध्ये इंग्लंडमधल्या प्रौढशिक्षण वर्गांत असं दिसलं की अनोळखी माणसांची गट्टी गाण्याच्या वर्गात हस्तकलेच्या किंवा लेखनाच्या वर्गांपेक्षा लवकर जमते. आषाढीच्या दिंडीत टाळ घेऊन चाललेल्या कुणालाही यात नवीन काही सापडणार नाही. पण शेलेनबर्गचा संगीत-गट आणि लाइपझिगची मुलं यांच्यातला फरक इथे स्पष्ट होतो. बोटं आणि गळा वळवणं एक, आणि दुसऱ्याचं ऐकत त्याच्याबरोबर ताल धरणं दुसरं. शाळेत नेमका दुसरा प्रकार दुर्मीळ असतो.

ट्रेनिंग कॉलेजातले बुवा

या भागाच्या संगीत-इतिहासात एक नोंद सहसा ओझरती येते. भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) हे आपल्या काळातले पहिल्या रांगेतले गवई, बालगंधर्व आणि मास्तर कृष्णराव यांचे गुरू, पुण्याच्या भारत गायन समाजाचे संस्थापक. त्यांनी काही काळ धारवाडच्या ट्रेनिंग कॉलेजात संगीत शिक्षक म्हणून नोकरी केली. ट्रेनिंग कॉलेज म्हणजे प्राथमिक शाळेचे मास्तर तयार करणारी संस्था. तिथे बुवांसमोर बसणारे तरुण मैफली गाजवणार नव्हते; खेड्यात जाऊन बाराखडी, पाढे आणि कविता शिकवणार होते. त्या कविता सुरात शिकवता याव्यात म्हणून त्यांच्यासाठी बुवांसारखा माणूस नेमला गेला. गुणी मुलं निवडून त्यांना गवई करण्यापेक्षा मास्तरांचा कान तयार केला तर एका मास्तरामागे दर वर्षी चाळीस-पन्नास मुलं सुरात येतात, हा हिशेब त्यात दडलेला आहे.

आज तो हिशेब कुणी मांडत नाही. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी कलाशिक्षणाच्या अर्धवेळ शिक्षकाची तरतूद आहे, पण पट शंभरच्या वर असेल तरच. कलाशिक्षणात चित्रकला, नाट्य, नृत्य, संगीत सगळंच येतं, त्यामुळे त्या एका जागेवर बहुतेक ठिकाणी चित्रकलेचे सर असतात. पहिली ते पाचवी, म्हणजे लय आणि सूर सर्वांत सहज रुजण्याचं वय, तिथे ही तरतूदच नाही. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अभ्यासाचे विषय आणि अभ्यासेतर विषय अशी भिंत नको असं लिहिलं. ते वाक्य चांगलं आहे. पगार मात्र वाक्यातून निघत नाही. म्हणून गाणं शिकायचं तर खाजगी क्लास, आणि क्लास म्हणजे फी, दुचाकीवर सोडायला मोकळं माणूस आणि घरी शांत कोपरा. किम्सच्या आवारात रात्रपाळी करणाऱ्या आयाच्या मुलाकडे यांतलं काहीच नसतं.

उणकलच्या गुरुकुलासारख्या संस्था हव्यातच. परंपरेचा वरचा मजला त्या सांभाळतात. पण त्यांच्या तोलाचं काम शाळेच्या पातळीवर व्हायला हवं, आणि ते तितकं खर्चिक नाही. प्रत्येक शाळेत रोज सकाळी सगळी मुलं एकत्र गातातच: प्रार्थना, राष्ट्रगीत, राज्यगीत, एखादं समूहगीत. दहा-पंधरा मिनिटांचा हा तास आधीपासून वेळापत्रकात आहे, त्याला कुणी तास म्हणत नाही इतकंच. बहुतेक ठिकाणी तो कसा जातो हे आपण जाणतो. माइकवरची दोन मुलं जमेल त्या पट्टीत सुरू करतात, आवाज फुटलेली मोठी मुलं नुसते ओठ हलवतात, मागच्या रांगा ओरडतात आणि ‘मोठ्याने म्हणा’ एवढीच सूचना येते.

त्याच पंधरा मिनिटांत काय करता येईल? मोबाइलवरचा तंबोरा लावून आधी अर्धं मिनिट सगळ्यांनी गप्प राहून षड्ज ऐकायचा. पट्टी अशी निवडायची की लहानांना आणि मोठ्यांना दोघांनाही पेलेल, नाहीतर मोठ्या मुलांना खालच्या सप्तकात गाऊ द्यायचं. एक ओळ अर्ध्या शाळेने म्हणायची, उरलेल्यांनी ऐकायची, मग उलट. आठवड्यातून एकदा पायाने ठेका धरत जागेवर चालायचं, लेझीम असेल तर लेझीम. दर आठवड्याला टाळी धरणारी मुलं बदलायची, म्हणजे नेहमीच्या हुशार चौघांच्या पलीकडे पाळी जाईल. गाता न येणाऱ्याला बाहेर काढायचं नाही. बेसूर म्हणून गप्प बसवलेलं मूल पुढे आयुष्यभर ‘मला गाण्यातलं कळत नाही’ असं सांगत राहतं, आणि ते बहुधा खोटं असतं. श्वास, कान, धीर, दुसऱ्याची पाळी, या चारही गोष्टी एवढ्यात येतात.

यासाठी शिक्षकाने विशारद असायची गरज नाही. त्याला स्वतःला सूर लागला की हलला एवढं ओळखता आलं पाहिजे, आणि ते डीएडच्या दोन वर्षांत शिकवता येतं. बुवांनी धारवाडच्या होतकरू मास्तरांना पेटीवर बसून दिलं ते याहून फार वेगळं नसणार. पुढचा भीमसेन कुठल्या गावात जन्मेल हे कुणाच्या हातात नाही. सकाळच्या प्रार्थनेची पट्टी ठरवणं मात्र विद्यानगरातल्या, उणकलमधल्या, कोल्हापुरातल्या नि सोलापुरातल्या कोणत्याही हेडमास्तरांच्या हातात आहे. त्यासाठी सरकारी आदेशाची वाट बघावी लागत नाही.